कोणाला काय दिसावं

१९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या ‘कल्पना’ नावाच्या एका लहान कंपनीने सात पोर्टचा एक डबा बाजारात आणला. विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक. कंपनीला नाव दिलं होतं ते त्यांच्या पत्नीचं. अनेक पोर्टचा पहिला इथरनेट स्विच तो हाच. १९९४ साली सिस्कोने कंपनीच विकत घेतली आणि ‘कल्पना’ हे नाव बाजारातून गेलं. तिने आणलेली पद्धत मात्र जगभरच्या ऑफिसांच्या तारांमध्ये जाऊन बसली.

त्याआधी हबचा जमाना होता. हब म्हणजे चाळ. खालच्या मजल्यावरून कुणी ‘अहो जोशी’ म्हणून हाक मारली की जोश्यांबरोबर अख्खी चाळ ऐकणार. एका कॉम्प्युटरने पाठवलेलं पॅकेट हब सगळ्या पोर्टवर सोडून द्यायचा. ज्याचं असेल त्याने घ्यावं, बाकीच्यांनी दुर्लक्ष करावं अशी अपेक्षा. दुर्लक्ष न करणाऱ्याला अडवणारं काहीच नव्हतं. नेटवर्क सांभाळणाऱ्यांना मात्र हे फार सोयीचं होतं. कुठल्याही मोकळ्या पोर्टला एक मशीन जोडायचं, बर्कलीच्या प्रयोगशाळेत १९८८ मध्ये जन्मलेला ‘टीसीपीडम्प’ हा प्रोग्रॅम सुरू करायचा, की सगळी ये-जा पडद्यावर.

स्विचने हे बंद केलं. कोणत्या पोर्टमागे कोण आहे हे तो लक्षात ठेवतो आणि पॅकेट नेमक्या त्याच दारी पोचवतो. वेग वाढला, खासगीपणा आला, आणि ज्याच्यावर देखरेखीची जबाबदारी होती त्यालाच दिसेनासं झालं. पुढची तीस वर्षं नेटवर्कच्या जगात जी निगराणीची यंत्रं आली त्यांतली बरीच या एका अडचणीतून निघाली. आणि त्यांच्याबरोबर एक प्रश्नही आला, जो हबच्या काळात कुणी विचारलाच नव्हता: नक्कल काढायची, पण ती कुणाला दाखवायची?

पहिला उपाय स्विचमध्येच होता. त्याला म्हणायचं, अमुक पोर्टवरून जे जाईल-येईल त्याची एक प्रत तमुक पोर्टवर सोड. सिस्कोच्या भाषेत हा ‘स्पॅन’, इतरांकडे ‘पोर्ट मिररिंग’. दोन कमांड मारल्या की काम झालं. फुकटात मिळणाऱ्या गोष्टींत जी खोट असते ती इथेही आहे. दहा गिगाबिटची लिंक म्हणजे जाताना दहा आणि येताना दहा. दोन्ही बाजू भरून वाहू लागल्या तर वीस गिगाबिटची नक्कल दहा गिगाबिटच्या पोर्टमधून बाहेर काढावी लागते. निम्मी वाटेतच गळते. शिवाय वाटेत मोडतोड झालेली पॅकेटं स्विच दारातच फेकून देतो, त्यामुळे त्यांची प्रत निघतच नाही. म्हणजे केबल खराब आहे असा संशय घेऊन आपण बघायला बसावं आणि खराबीचा पुरावा तेवढा गाळून बाकी सगळं समोर यावं, असा प्रकार. घाईच्या वेळी स्पॅन उपयोगी आहे, पण पुरावा म्हणून मी त्याच्यावर विसंबणार नाही.

दुसरा उपाय स्विचच्या बाहेरचा. फायबरच्या वाटेवर काचेचा एक दुभाजक बसवायचा, ज्याला ‘टॅप’ म्हणतात. निम्मा प्रकाश पुढे जातो, निम्मा देखरेखीकडे वळतो. इंजिनिअर म्हणतात, तीन डेसिबल गेले. पुढची लिंक लांबची असेल आणि इतका प्रकाश सोडणं परवडणारं नसेल तर सत्तर-तीसची वाटणी घेतात. याला वीज लागत नाही, सॉफ्टवेअर नाही, पासवर्ड नाही, बिघडण्यासारखंही फारसं काही नाही. आणि मोडकं असो, धडकं असो, जे आलं ते सगळं मिळतं. फक्त जाण्याची एक आणि येण्याची एक अशा दोन काचेच्या तारा दर लिंकमागे हातात येतात.

आता एखाद्या बँकेचं डेटा सेंटर डोळ्यांसमोर आणा. बारा महत्त्वाच्या लिंक, म्हणजे चोवीस तारा. दुसऱ्या बाजूला त्या पाहणारी यंत्रं: एक घुसखोरी ओळखणारं, एक सगळं साठवून ठेवणारं, एक ‘अ‍ॅप हळू का चाललंय’ हे मोजणारं. ही यंत्रं महाग असतात आणि त्यांना पोर्ट मोजकेच. चोवीस तारा तीन यंत्रांत कशा घालणार? साठवणाऱ्याला सगळं हवं, घुसखोरी शोधणाऱ्याला रात्रीच्या बॅकअपचा पूर नको, अ‍ॅप मोजणाऱ्याला तर एकाच सर्व्हरमध्ये रस. मधे एक वाटप करणारा लागतो. तोच या प्रकरणाचा नायक: मॉनिटरिंग स्विच. बाजारात त्याला ‘पॅकेट ब्रोकर’ म्हणतात. २००४ साली स्थापन झालेल्या गिगामॉनने यावरच नाव कमावलं. अरिस्टासारख्या कंपन्यांनी वेगळी वाट धरली. डेटा सेंटरचा नेहमीचा स्विच घ्यायचा आणि सॉफ्टवेअरमधल्या काही ओळींनी त्याचा धंदा बदलायचा. आपण हा दुसरा प्रकार पाहू, कारण त्यात कमांड लाइनचा खेळ उघडा दिसतो. (अरिस्टाचं पुण्याशीही नातं आहे. वाय-फायवर पाळत ठेवणारी यंत्रणा बनवणारी मोजो नेटवर्क्स तिने २०१८ मध्ये घेतली, आणि मोजोचं संशोधनाचं बरंचसं काम पुण्यात चालायचं.)

नवा कोरा स्विच रॅकमध्ये चढतो तेव्हा त्याला ना पत्ता असतो ना नाव. त्याच्याशी बोलायची पहिली वाट म्हणजे कन्सोल पोर्ट. लॅपटॉपच्या बॅगेत ती चपटी, फिकट निळी केबल असते. तिचं एक टोक स्विचच्या ‘कन्सोल’ लिहिलेल्या भोकात खोचायचं. दुसऱ्या टोकाची सिरियल जागा हल्लीच्या लॅपटॉपला नसतेच, म्हणून मधे यूएसबीचा अडॅप्टर. ‘पुटी’ हा टर्मिनलचा प्रोग्रॅम उघडायचा आणि वेग ठेवायचा ९६०० बॉड. हा आकडा टेलिटाइप आणि काचेच्या टर्मिनलच्या जमान्यातून आलाय. एका अक्षराला सुरुवात-शेवटाच्या खुणांसकट दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळींचा जुना पडदा भरायला त्यामुळे बरोबर दोन सेकंद लागतात. अब्जावधी बिट हलवणारं यंत्र आपल्याशी बोलताना एवढ्या संथपणे ओळी ओततं हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला गमतीचं वाटतं. वेग चुकीचा ठेवला तर पडद्यावर कचरा येतो. तो दिसला की जुनी मंडळी नुसतं ‘बॉड बघ’ म्हणून पुढे सरकतात.

अरिस्टाचा नवा स्विच सुरू होताच स्वतःच कुठूनतरी कॉन्फिगरेशन ओढायच्या प्रयत्नाला लागतो आणि दर थोड्या वेळाने तसा संदेश टाकत राहतो. त्याला आधी ‘झिरोटच कॅन्सल’ म्हणून थांबवायचं. तो एकदा रीस्टार्ट होतो. मग ‘अ‍ॅडमिन’ नावाने आत. कारखान्यातून येताना पासवर्ड कोराच असतो, तो लगेच घालायचा. (कमांड प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांत टाइप होतात, इथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.)

आत गेल्यावर दिसतं ते स्विचचं नाव आणि पुढे एक टोकदार कंस. याचा अर्थ, पाहा, पण हात लावू नका. ‘एनेबल’ म्हटलं की कंसाच्या जागी हॅशची खूण येते, म्हणजे अधिकार मिळाले. ‘कॉन्फिगर’ म्हटलं की नावापुढे कंसात ‘कॉन्फिग’ झळकतं, आणि इथून पुढे एंटर मारलेली प्रत्येक ओळ तात्काळ लागू. ‘नक्की का?’ असं हे यंत्र सहसा विचारत नाही. ते आपल्याला शहाणं समजतं. कधी कधी हा समज महागात पडतो.

नवख्याला हा काळा पडदा मुका वाटतो. तसा तो नाही. कुठेही अडलात की प्रश्नचिन्ह दाबा. त्या जागी पुढे काय काय लिहिता येईल याची यादी तो देतो. अर्धा शब्द लिहून टॅब दाबलात तर उरलेला शब्द तो पुरा करतो. डीईसी कंपनीच्या टॉप्स-२० या १९७० च्या दशकातल्या प्रणालीत ही सोय होती, आणि आज कमांड लाइनवर चालणाऱ्या नेटवर्कच्या बहुतेक यंत्रांत ती असते. त्यामुळे कमांड पाठ असाव्या लागतात हा समज चुकीचा आहे. बोटांना सवय झाली की ‘शो रनिंग-कॉन्फिग’चं ‘शो रन’ होतं. बोलण्यातही तसंच, ‘शो रन मार आणि मला पेस्ट कर’.

आता मुख्य काम. पहिल्या दोन ओळी:

टॅप अ‍ॅग्रिगेशन
मोड एक्सक्लुझिव्ह

या दोन ओळींनंतर हा स्विच स्विच राहत नाही. पॅकेट ज्याचं त्याला पोचवणं तो सोडून देतो. आता त्याच्याकडे दोनच प्रकारची दारं, आत घेणारी आणि बाहेर सोडणारी. ज्या पोर्टला यांपैकी कुठलीच भूमिका दिलेली नाही ते तो बंद करून टाकतो. नव्या यंत्रावर याने काही बिघडत नाही. पण चुकीच्या खिडकीत, म्हणजे चालू स्विचच्या खिडकीत, या ओळी पडल्या तर एक अख्खा मजला बसेल. म्हणूनच स्विचचं नाव ‘लोकलहोस्ट’ असंच न सोडता पहिल्या मिनिटाला ते बदलतात; पडद्यावर आपण कुठे आहोत हे दर ओळीच्या सुरुवातीला दिसलं पाहिजे.

मग एकेक पोर्ट:

इंटरफेस इथरनेट १
डिस्क्रिप्शन कोअर-राउटर-जाणारा
स्विचपोर्ट मोड टॅप
स्विचपोर्ट टॅप डिफॉल्ट ग्रुप कोअर

इंटरफेस इथरनेट २०
डिस्क्रिप्शन घुसखोरी-शोधक
स्विचपोर्ट मोड टूल
स्विचपोर्ट टूल ग्रुप सेट कोअर

मोठ्याने वाचलं तरी अर्थ लागतो. पहिल्या पोर्टवर जे येईल ते ‘कोअर’ नावाच्या गटात. ज्याला ‘कोअर’ पाहायची मुभा आहे तो विसावा पोर्ट. मधला गट फार कामाचा. उद्या तिसरं यंत्र आलं तर टॅपला हात लावायचा नाही, नव्या यंत्राला गटाची मुभा द्यायची. काढायचं असेल तर त्याच ओळीआधी ‘नो’ लावायचं. (याच व्याकरणामुळे पोर्ट चालू करायची कमांड ‘नो शटडाऊन’ अशी दुहेरी नकाराची झाली आहे, आणि त्यात काही विचित्र आहे असं या क्षेत्रात आता कुणाला वाटत नाही.)

‘सेट’ या शब्दापाशी मात्र थांबायला हवं. ‘सेट’ म्हणजे आधीची यादी पुसून ही नवी. असलेल्या यादीत भर घालायची तर ‘अ‍ॅड’. या एका शब्दाने नेटवर्कच्या धंद्यात जितक्या रात्री खराब केल्या तितक्या क्वचितच दुसऱ्या कशाने केल्या असतील. सिस्कोच्या स्विचवर ट्रंक लिंकवरून जाऊ शकणाऱ्या व्हीलॅनची, म्हणजे एकाच तारेतून जाणाऱ्या वेगवेगळ्या आभासी नेटवर्कची, यादी असते. नवा व्हीलॅन घालताना ‘अ‍ॅड’ राहून गेला की जुने सगळे बाद आणि एकटा नवा आत. कमांड व्याकरणात शुद्ध, त्यामुळे यंत्र तक्रार करत नाही. दोन मिनिटांत फोन वाजू लागतात. नवीन मुलांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ही गोष्ट सांगितली जाते, आणि तरीही ती नव्याने घडत राहते.

इथे मॉनिटरिंग स्विचचा खरा अवघडपणा समोर येतो. नेहमीच्या स्विचवर चूक झाली तर फोन वाजतो. मॉनिटरिंग स्विचवर चूक झाली तर काहीच होत नाही. बँकेचे व्यवहार सुरळीत, एटीएम चालू, कर्मचारी खूश. फक्त घुसखोरी शोधणाऱ्या यंत्राला निम्मी वाहतूक दिसत नाही आणि ते शांत बसून असतं. त्या शांततेचा अर्थ ‘सगळं ठीक’ असा लावला जातो.

गाळणीचं उदाहरण घेऊ. रात्रीच्या बॅकअपची वाहतूक घुसखोरी-शोधकाकडे जाऊ नये म्हणून एक यादी करायची: बॅकअप सर्व्हरच्या पत्त्याला ‘डिनाय’. आणि ती यादी विसाव्या पोर्टला लावायची. झालं? नाही. अशा प्रत्येक यादीच्या शेवटी एक न लिहिलेली ओळ असते: बाकी सगळ्यांना मनाई. ‘बाकी सगळ्यांना जाऊ दे’, म्हणजे ‘परमिट आयपी एनी एनी’, ही ओळ स्वतः लिहिली नाही तर बॅकअपही गाळला जातो आणि उरलेलं जगही. नेहमीच्या स्विचवर हे सेकंदात कळलं असतं. इथे ते तीन महिन्यांनी, काहीतरी चोरीला गेल्यावर, कळू शकतं.

त्यामुळे या यंत्रावर कमांड मारण्यापेक्षा मारल्यानंतर तपासण्याला वेळ द्यायला हवा. ‘शो टॅप अ‍ॅग्रिगेशन ग्रुप्स’ने कोणता टॅप कोणत्या यंत्राशी जोडलाय ते दिसतं. ‘शो इंटरफेसेस काउंटर्स रेट्स’ने आत किती येतंय आणि बाहेर किती जातंय. ‘शो इंटरफेसेस काउंटर्स डिस्कार्ड्स’ने बाहेर जायला जागा नाही म्हणून किती सांडलं. आतला आणि बाहेरचा आकडा समोरासमोर मांडायचा आणि फरकाचा हिशेब द्यायचा: इतकं गाळणीने अडवलं, इतकं सांडलं. हिशेब जुळला नाही तर घरी जायचं नाही.

आणखी तीन गोष्टी या स्विचकडून करून घेतात. एक म्हणजे ओळख. चोवीस तारांची वाहतूक एका पोर्टमधून बाहेर पडली की कोणतं पॅकेट कुठल्या तारेतलं हे कळेनासं होतं. म्हणून प्रत्येक टॅपला एक क्रमांक देतात आणि स्विच तो पॅकेटवर व्हीलॅनच्या टॅगसारखा चिकटवून पाठवतो. दुसरी म्हणजे संभाषणाचे दोन्ही भाग एकत्र ठेवणं: यंत्राचं एका पोर्टवर भागत नसेल तर चार पोर्ट मिळून वाटणी करतात, पण ‘अ’कडून ‘ब’कडे गेलेलं पहिल्या पोर्टवर आणि ‘ब’चं उत्तर तिसऱ्यावर असं झालं तर यंत्राला प्रश्न ऐकू येतो, उत्तर नाही. वाटणीचं सूत्र दोन्ही दिशांना सारखं धरेल असं ठेवावं लागतं.

तिसरी गोष्ट छाटणी, आणि तिचा हिशेब डोळे उघडणारा आहे. दहा गिगाबिटची एक दिशा दिवसभर भरून वाहिली तर सेकंदाला सव्वा गिगाबाइट, म्हणजे दिवसाला १०८ टेराबाइट. हे साठवणार कुठे? बहुतेक वेळा पॅकेटचा मजकूर नकोच असतो. कुणी कुणाला कधी आणि किती पाठवलं एवढं पुरे. पॅकेट सरासरी आठशे बाइटचं धरलं आणि पहिले १२८ बाइट ठेवून बाकी छाटलं, तर १०८ चे सतरा-अठरा होतात. डिस्कचा खर्च वाचतो हे खरंच, पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की ग्राहकाचं नाव, खातं, रक्कम यांतलं बरंच काही त्या छाटलेल्या भागात जातं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षिततेच्या हलगर्जीपणाला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जे आपण साठवलंच नाही ते आपल्याकडून चोरीला जात नाही.

एवढं सगळं माउसने करता येत नाही का? येतं. जवळजवळ प्रत्येक पॅकेट ब्रोकरला वेबची चकचकीत खिडकी असते; डावीकडे टॅप, उजवीकडे यंत्रं, मधे ओढायच्या रेषा. पहिल्यांदा समजून घ्यायला ती उत्तमच, पण रोजच्या कामाला ती पुरत नाही. २००२ साली इंटरनेटच्या मानकांची मंडळी आणि प्रत्यक्ष नेटवर्क चालवणारे लोक एकत्र बसले होते, त्या चर्चेचा वृत्तान्त पुढच्या वर्षी आरएफसी ३५३५ म्हणून छापला गेला. त्यात दिसतं ते असं: कॉन्फिगरेशनसाठी एसएनएमपी हा देखणा प्रमाणित मार्ग उपलब्ध असताना चालवणारे मात्र कमांड लाइनच वापरत होते. त्यांना हवा होता साधा मजकूर: जो फाइलमध्ये ठेवता येतो, कालचा आणि आजचा शेजारी ठेवून फरक काढता येतो, ईमेलने पाठवता येतो. ओढलेल्या रेषांचा ‘कालचा’ आणि ‘आजचा’ शेजारी ठेवून पाहा, मग कळेल.

हा फरक काढायची सोय स्विचच्या आतही आहे. ‘कॉन्फिगर सेशन’ म्हणून सुरुवात केली तर ओळी लगेच लागू होत नाहीत, बाजूला साठतात. ‘शो सेशन-कॉन्फिग डिफ्स’ म्हटलं की काय जाईल आणि काय येईल ते वजा-अधिकच्या खुणांनी दिसतं. हा फरक शेजारच्याला दाखवायचा. ‘सेट’ आणि ‘अ‍ॅड’मधली गफलत दुसऱ्या डोळ्याला दोन सेकंदांत दिसते. मग ‘कमिट टायमर’ला दहा मिनिटं देऊन लागू करायचं. दहा मिनिटांत आपण पुन्हा येऊन पक्कं केलं नाही तर स्विच मुकाट्याने जुन्यावर परततो. स्वतःच आत यायची वाट चुकून बंद केली असेल तर याच्यासारखा आधार नाही. शेवटी ‘राइट’, नाहीतर वीज गेली की सगळं साफ. रात्री दीडच्या बदलाच्या वेळी फोनवरचं शेवटचं वाक्य हमखास ‘राइट मारलंस ना रे?’ हेच असतं.

पहिल्या दिवशीची निळी केबल सुटली की पुढचं सगळं लांबून, एसएसएचने. याचा जन्मही पाळतीतूनच झालाय. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड टिपणारा प्रोग्रॅम बसवला होता. तेव्हा लांबून काम करायला वापरलं जाणारं टेलनेट पासवर्डसकट सगळं उघड्या अक्षरांत पाठवायचं. तिथल्या तातू इलोनेन या संशोधकाने या प्रकारानंतर एसएसएच लिहिलं. मॉनिटरिंग स्विचवर टेलनेट चालू ठेवणं म्हणूनच विशेष हास्यास्पद: ज्या यंत्राकडे सगळ्यांच्या नकला येतात त्याच्यात शिरायची किल्ली आपणच उघड्यावर पाठवायची.

आणि ती किल्ली दुसऱ्याच्या हाती लागली तर काय होतं, हे ग्रीसने पाहिलं आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या सुमारास व्होडाफोन ग्रीसच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कुणीतरी शिरलं. एक्स्चेंज एरिक्सनचं, एएक्सई जातीचं. पोलिसांना कायदेशीर परवानगीने फोन ऐकता यावेत यासाठी लागणारी व्यवस्था, म्हणजे चालू कॉलची नक्कल काढून दुसरीकडे पाठवणारा भाग, एका अपग्रेडबरोबर त्या एक्स्चेंजमध्ये आला होता. त्याचा कारभार पाहणारा, परवानग्यांची नोंद ठेवणारा दुसरा भाग मात्र कंपनीने घेतलेला नव्हता. नक्कल काढायचं यंत्र होतं, वहीखातं नव्हतं. घुसखोरांनी चालू एक्स्चेंज बंद न पाडता त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार केले आणि शंभराहून अधिक फोनची नक्कल प्रीपेड मोबाइलांवर वळवली. त्या शंभरांत पंतप्रधान कोस्तास करामानलिस यांचाही फोन होता.

त्यांनी कमांड लाइनचं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. चालू प्रक्रियांची यादी मागणाऱ्या कमांडच्या उत्तरातून त्यांनी स्वतःच्या प्रक्रिया गाळल्या. आणि कमांड वाचणाऱ्या भागात एक चोरदरवाजा ठेवला: एखादी निरुपद्रवी कमांड लिहून तिच्या शेवटी सहा वेळा स्पेसबार दाबला की एक्स्चेंजची नोंदवही बंद, ती बंद झाल्याची धोक्याची घंटाही बंद, आणि नक्कल काढायच्या कमांड खुल्या. पडद्यावर पाहणाऱ्याला मोकळ्या जागा दिसत नाहीत. जानेवारी २००५ मध्ये त्यांनी आपलाच प्रोग्रॅम अद्ययावत करताना गडबड केली, काही एसएमएस पोचेनासे झाले, आणि त्या तक्रारीचा माग काढता काढता एरिक्सनचे लोक या कोडपर्यंत पोचले. पाळतीचा शोध लागला तो पाळतीच्या तक्रारीमुळे नाही, एसएमएसच्या तक्रारीमुळे.

कमांड लाइन पारदर्शक असते असं मी वर जवळजवळ म्हणूनच टाकलं होतं. ग्रीसच्या उदाहरणानंतर ते जरा आवरतं घ्यायला हवं. यंत्र स्वतःबद्दल जे सांगतं त्यावर यंत्र ताब्यात असणाऱ्याचा अधिकार असतो. ‘शो’ कमांडचं उत्तरही शेवटी त्याच यंत्राने दिलेलं असतं. म्हणून नोंद दुसरीकडे जायला हवी, आणि ओळ एंटर होताक्षणी. सिस्कोकडून १९९० च्या दशकात आलेला टॅकॅक्स प्लस हा प्रोटोकॉल यासाठीच वापरतात: कुणी, कधी, कोणती कमांड मारली ते स्विच एका वेगळ्या सर्व्हरला कळवतो. मंजुरीही तो सर्व्हरच देतो, म्हणजे रात्रपाळीच्या मुलाला सगळे ‘शो’ चालतील पण ‘टूल ग्रुप’ची ओळ चालणार नाही असं बसवता येतं. शिवाय दर रात्री कॉन्फिगरेशन बाहेर ओढून कालच्याशी ताडून पाहणारी एखादी छोटी स्क्रिप्ट. कागदावर बदलाची मंजुरी नाही आणि फरकात नवी ओळ आहे, असं झालं की सकाळी विचारायचं.

भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने याला कायद्याचं बळ आलं. नोंदी १८० दिवस जपायच्या, यंत्रांची घड्याळं एनआयसीच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची, आणि ठरावीक प्रकारचा सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं. घड्याळाची अट पुष्कळांना कारकुनी वाटते. चोवीस तारांतलं एक पॅकेट आणि टॅकॅक्समधली एक कमांड यांत आधी काय घडलं हे ठरवायची वेळ आली की ती तशी वाटत नाही. मॉनिटरिंग स्विचवर घड्याळ जुळवणारी ‘एनटीपी सर्व्हर’ची ओळ पहिल्या दिवशीच घालावी.

लहान कंपन्यांत मात्र एक गोष्ट सर्रास दिसते: स्विचचा पासवर्ड, टॅकॅक्स सर्व्हरचा पासवर्ड आणि रात्रीच्या स्क्रिप्टचा पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात असतो. माणूस बहुधा प्रामाणिक असतो, कामाचाही असतो, आणि दुसरा माणूस ठेवायला पैसे नसतात. पण निदान नोंदींचा सर्व्हर तरी हिशेब विभागातल्या किंवा ऑडिटच्या कुणाच्या ताब्यात द्यावा. त्याला त्यातली एक ओळ कळली नाही तरी चालेल, ती पुसता येणार नाही एवढं पुरे.